गुरम्मांचा मान

लग्नानंतर आठवड्याभरातच उत्कर्षाच्या लक्षात आलं, की आपल्या सासूबाईंच्या मराठीत सगळी दुनिया पुरुष आहे.

भाकरी 'झाला', बस 'आला', वीज 'गेला', आणि शेजारची निंगव्वा जिना उतरताना 'घसरला'. गुरम्मांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. घरात कानडी, शेतात कानडी, देवाशीसुद्धा कानडी. मराठी त्यांनी सोलापुरात नांदायला आल्यावर भाजीबाजारात उचललेली, आणि वांग्यांचा भाव करताना तो-ती-ते बघत बसायला वेळ कुणाला असतो? मुलाशी, श्रीशैलशी, त्या कानडीच बोलत. पण उत्कर्षा खोलीत आली की वाक्य अर्ध्यात तोडून मराठीवर येत. लग्न ठरलं त्या दिवशीच त्यांनी उत्कर्षासमोर मुलाला मराठीतच बजावलं होतं, "पोरगी समोर असताना कानडी बोलायचा नाही. तिला वाटेल, माझाच चुगली चाललाय."

उत्कर्षाला हे फार आवडलं होतं. ती मराठीच्या शिक्षकाची मुलगी, त्यामुळं सुरुवातीला कान जरा टोचले. मग तिनं त्यावर पदार्थविज्ञानातला उपाय काढला. मोजपट्टी मुळातच दोन मिलिमीटर सरकलेली असेल तर दर मापातून दोन वजा करायचे. झालं. गुरम्मा म्हणाल्या 'आमटी जळाला', की ही मनात 'जळाली' करून गॅस बंद करायला धावायची. वर्षभरात वजाबाकी इतकी अंगवळणी पडली, की आपण ती करतोय हेही तिला कळेनासं झालं.

एका शब्दाशी मात्र ही वजाबाकी हरली.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. गुरम्मा चटणीसाठी शेंगा सोलत होत्या, निम्म्या ताटात, निम्म्या ताटाबाहेर. मध्येच थांबून म्हणाल्या, "माझा मान गेला की आता."

रागानं नाही. आज ऊन फार आहे, म्हणावं तसं.

उत्कर्षाच्या हातातला तवा हातातच राहिला. "काय झालं आई? माझं काही चुकलं का?"

"तुझा काय चुकणार? वय झाला."

उत्कर्षानं सवयीनं वजाबाकी केली. 'वय झाला' म्हणजे वय झालं. 'माझा मान गेला' मात्र जसंच्या तसं बरोबर होतं, तिथं दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच. वाक्य शुद्ध होतं आणि सरळ काळजात घुसणारं होतं.

श्रीशैल चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर होता. संध्याकाळी तो आल्या आल्या तिनं त्याला गाठलं.

"अव्वा तशीच आहे," तो बूट काढत म्हणाला. "थोडा मान देत जा."

"म्हणजे नेमकं काय करू?"

"मला काय विचारतेस? मी नट-बोल्टवाला माणूस."

"तू विचार ना त्यांना. कानडीत."

त्यानं विचारलं. आत दोन मिनिटं कानडीत बोलणं झालं आणि तो हसत बाहेर आला. "उत्कर्षावर रागावलीस का, म्हटलं. तर म्हणते, छे, सोन्यासारखी पोरगी आहे."

"आणि मान कुठं गेला ते?"

"सोनं म्हणाल्यावर आणखी काय विचारायचं?"

मग उत्कर्षा कामाला लागली. ती कॉलेजात तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवायची. प्रयोगवहीचे दोन रकाने, डावीकडं 'निरीक्षण' आणि उजवीकडं 'अनुमान', हे तिचं लाडकं हत्यार. दोन्हींची सरमिसळ करायची नाही, हे ती मुलांना इतक्यांदा सांगायची की मुलं तिच्या मागं तिची नक्कल करायची. घरात एक कोरी प्रयोगवही पडली होती. तिच्यावर तिनं 'आईंचा मान' असं लिहिलं आणि प्रयोग सुरू केला.

पहिला चहा आईंना. पंख्यासमोरची खुर्ची आईंची. भाजी कुठली करायची हे आईंना विचारून. फोनवर कुणी जेवायला बोलावलं तर मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं, "आईंना विचारून सांगते हं!" गुरम्मा चहा प्यायच्या, खुर्चीत बसायच्या, भाजीचं नाव सांगायच्या. मान मात्र परत आला नाही.

उलट वही भरत गेली. निरीक्षण: मागून हाक मारली तर वळून बघत नाहीत, अख्ख्या फिरतात. अनुमान: मला टाळतात. निरीक्षण: 'हो' म्हणताना मान हलवत नाहीत, नुसतं 'व्हय' म्हणतात. अनुमान: मनातून हो नाही. चहाचा कप आठवड्यात दोनदा हातातून सुटला, त्यापुढं लिहिलं होतं, चहा जमला नसावा. पण त्या नोंदीखालीच कंसात, बोटं संधिवातानं पंधरा वर्षांपासून वाकडी आहेत हेही लक्षात घ्यावे. जिन्यावरून पाय आपटत उतरतात: राग. मोबाईल डोळ्यांसमोर उंच धरतात: माझं तोंड दिसू नये म्हणून. ब्लाउजची बटणं लावायला दहा मिनिटं, मदत करू का विचारलं तर नको म्हणाल्या. त्यापुढं उजव्या रकान्यात फक्त प्रश्नचिन्ह होतं.

एक नोंद तिला सगळ्यात जास्त लागली. गुरम्मा लिंगायत; रोज सकाळी गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेत आणि त्याच्याकडं एकटक बघत पूजा करत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी उत्कर्षाला शेजारी बसवून घेतलं होतं. आता जानेवारीपासून त्या खोलीचं दार आतून लावून घेऊ लागल्या.

संक्रांतीला उत्कर्षानं दारात रांगोळी काढली. "आई, बघा ना कशी झालीय!"

गुरम्मा उंबऱ्यात आल्या, समोरच्या भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नको पोरी. खाली बघितला की मान जातो."

केवढं वाक्य! खाली बघणाऱ्याचा मान जातो. उत्कर्षानं ते वहीत अधोरेखित करून ठेवलं आणि दोन दिवस स्वतःही ताठ चालून बघितलं.

आणि मग, महिना संपता संपता, जेवताना गुरम्मांनी जाहीर केलं, "रविवारी सिद्धप्पा गाडी घेऊन येतो. मी जातो माहेरी."

सिद्धप्पा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. "किती दिवस?" श्रीशैलनं विचारलं.

"दिवस काय मोजायचा? तिकडंच बरा. तिकडं ज्ञानू आहे. माझा मान नीट बसवतो म्हणाला."

श्रीशैल भाकरी मोडत राहिला. उत्कर्षानं ताट बाजूला सारलं. कोण हा ज्ञानू, ज्याला आपल्यापेक्षा जास्त मान देता येतो? तीन महिने चहा देऊन, खुर्ची देऊन ती हरली होती, आणि तिच्या घरातून एक माणूस कायमचं निघालं होतं. हातात होते चार दिवस.

तिनं आईला फोन लावला.

यशोदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि निदान केलं. "चूक आपलीच. तुम्ही रजिस्टर लग्न केलंत. मानपान झालंच नाही. विहिणीला साडी नाही, ओटी नाही. मनात राहतं गं बाईमाणसाच्या."

मागून बाबांचा आवाज आला, "मानपान ही अत्यंत कालबाह्य..."

"तुम्ही गप्प बसा. शनिवारी येतो आम्ही."

शनिवारी सकाळी दोघं आले. गोपाळ सरांनी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, पण दुरुस्ती सुटली नव्हती. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, शोकसभेचे फलक, सगळ्यांवर त्यांचं मनातलं लाल पेन चालायचं. येताना यशोदाबाईंनी साडी, नारळ आणि शालीऐवजी चांगली जाडजूड सोलापुरी चादर आणली होती. शाल कपाटात पडून राहते, चादर अंगावर तरी येते, हा त्यांचा हिशेब.

गुरम्मांना पाटावर बसायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, खुर्चीतच बसतो. "हे काय आता? लग्न झाला की वर्षापूर्वी."

"राहून गेलं होतं, विहीणबाई," यशोदाबाई म्हणाल्या. त्यांनी कुंकू लावलं, साडी हातात दिली, पसरलेल्या पदरात तांदूळ आणि नारळ घातला. गुरम्मांनी पदर धरला होता, पण नजर समोरच्या कॅलेंडरवर. उत्कर्षाच्या डोक्यात वही आपोआप उघडली. निरीक्षण: ओटी भरतानासुद्धा मान खाली नाही.

मग यशोदाबाईंनी ती जाड चादर उलगडली आणि खांद्यांवरून छान लपेटली. गुरम्मांना भरून आलं असावं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या हात जोडून वाकल्या. "शरणार्थ..."

नमस्काराचा शब्द अर्धाच राहिला. अंगातून काहीतरी सर्रकन गेल्यासारख्या त्या दचकल्या, दोन्ही हातांची बोटं फाकली, नारळ पदरातून सुटून गडगडत टीव्हीखाली गेला. त्यांनी मागच्या मागं मानेला हात लावला. "अय्यय्यो! मान गेला!"

कुणी काही करायच्या आत गोपाळ सरांच्या तोंडून चौतीस वर्षांची सवय बोलून गेली. "गेली."

"अहो!" यशोदाबाई ओरडल्या.

"नाही, म्हणजे मान गेली. स्त्रीलिंगी." ते गडबडले, पण थांबले नाहीत. "सन्मान म्हणायचं असेल तर 'गेला' बरोबर आहे. पण विहीणबाईंनी हात मानेला लावलाय, तेव्हा इथं ती..."

आणि तेही थांबले.

नारळ टीव्हीखाली अजून हलत होता. उत्कर्षा खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. "आई, मान म्हणजे... ही मान?" तिनं स्वतःच्या मानेला हात लावून दाखवला.

"मग कुठला?" गुरम्मा कळवळून म्हणाल्या. "माणसाला किती मान असतो? दिवाळीपासून सांगतो की मी तुला. मान गेला, मान गेला. तू मला चहा देतो!"

यशोदाबाईंनी तोंडाला पदर लावला. हसू आलं होतं की रडू, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

मग दिवाळीपासूनचं सगळं बाहेर पडलं. डोकं जड होतो, पुढं गळून पडेल असा वाटतो. खाली बघितला की मानेपासून कमरेपर्यंत वीज जातो. हाताला मुंग्या. पाय जमिनीवर टेकला का नाही, आपटल्याशिवाय कळत नाही.

"श्रीशैलला का नाही सांगितलंत?"

"त्यानं विचारला, राग आला का. राग नव्हता."

"आणि हा ज्ञानू कोण?"

"मान बसवणारा. लई हुशार. डोकं असा दोन हातांत धरतो, आणि कट्ट करून फिरवतो."

गोपाळ सर हळूच खाली बसले. वैद्यक उत्कर्षाला येत नव्हतं, पण वायर येत होती. वाकवली की दिवा लुकलुकतो अशी वायर आतून कुठंतरी दबलेली असते, आणि तिला पिळणारा माणूस मूर्ख असतो. रविवार उद्यावर आला होता.

तिनं श्रीशैलला फोन केला. तो शिफ्ट सोडून आला. संध्याकाळी पाच वाजता तिघं मज्जातंतूंच्या डॉक्टरांसमोर होते. डॉक्टरांचं नाव चेतना, वय फार तर पस्तीस, आणि टेबलावर प्लॅस्टिकचा मणक्यांचा सांगाडा.

"कधीपासून, काय काय, क्रमानं सांगा," त्या म्हणाल्या.

उत्कर्षानं पिशवीतून वही काढली. वरचं नाव हातानं झाकायचा प्रयत्न केला, पण डॉक्टरांनी वाचलंच. मग त्यांनी पानं उलटली. एक, दोन, सात. जिना. बटणं. कप, तारखेसकट. फोन उंच धरणं.

"ही कुणी लिहिली?"

"मी. पण ते वेगळ्या कारणासाठी..."

"डावा रकाना पाठ्यपुस्तकासारखा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "उजवा फाडून टाका."

त्यांनी गुरम्मांच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, तर पाय लाथ मारल्यासारखा उडाला. मधल्या बोटाचं नख टिचकीनं दाबून सोडलं, तर त्याच हाताचा अंगठा आपोआप आत वाकला.

"ते मी नाही केला," गुरम्मा घाईनं म्हणाल्या.

"माहितेय मला. तेच बघायचं होतं."

मग एक्स-रे. एक सरळ उभं राहून, आणि एक मान खाली घालून, झेपेल तितकीच, डॉक्टर स्वतः शेजारी उभ्या राहून. दोन्ही फिल्मा उजेडाच्या पेटीवर लागल्या. सरळ उभ्या गुरम्मांच्या मानेत उत्कर्षाला काहीच वावगं दिसलं नाही. वाकलेल्या गुरम्मांच्या मानेत, अगदी वर, कवटीच्या खाली, दोन हाडांमध्ये एक काळी फट होती. डॉक्टरांनी पट्टी लावली. "तीन मिलिमीटरपर्यंत चाललं असतं. हे नऊ आहेत. आणि ही फट वाकल्यावरच उघडते. सरळ फोटोत सापडलीच नसती."

त्यांनी सांगाडा पुढं ओढला. मानेचा पहिला मणका कड्यासारखा. दुसऱ्या मणक्यावर एक खुंटी, ती त्या कड्यात शिरलेली. मागून एक घट्ट पट्टा खुंटीला जागेवर धरून ठेवतो. संधिवात बोटांच्या सांध्यांना वाकडं करतो तसाच ह्या पट्ट्यालाही सैल करतो. मग मान खाली गेली की कडं पुढं घसरतं, आणि मागून जाणारा मज्जारज्जू खुंटीवर दाबला जातो. हातापायांकडं जाणारी सगळी ये-जा त्या बोटभर जागेतून.

"जात्यासारखा की," गुरम्मा म्हणाल्या. "मधला खीळ ढिला झाला, तर वरचा दगड सरकतो."

"अगदी तसंच."

"आणि कुणी डोकं धरून फिरवलं असतं तर?" श्रीशैलनं विचारलं.

डॉक्टरांनी सांगाडा सावकाश जागेवर ठेवला. "हातपाय कायमचे गेले असते. किंवा श्वास." मग कडक पट्टा गुरम्मांच्या गळ्याभोवती बांधत म्हणाल्या, "हा काढायचा नाही. एमआरआय करू, आणि लवकर ऑपरेशन. ते दोन मणके स्क्रूनी एकमेकांना पक्के करायचे."

घरी आल्यावर गुरम्मा म्हणाल्या, "ऑपरेशन नको. उद्या मी जातो."

रविवारी नऊ वाजता खाली जीपचा हॉर्न वाजला. सिद्धप्पा वर आला, आणि त्याच्या मागं पांढऱ्या टोपीतला, बुटका, मनगटं उसाच्या कांड्यासारखी असलेला ज्ञानू.

"अक्का, हे गळ्यात काय बांधलंय?" सिद्धप्पा उडालाच. "बैलाला बी असं बांदत न्हाईत! म्हणून म्हनलं ज्ञानूला संगंच चल. हितंच काम हुतंय."

श्रीशैल दारात आडवा उभा राहिला. "मामा, हात लावायचा नाही."

"आरं पंचवीस वर्सं मान बसवतोय त्यो. एक तक्रार न्हाय!"

"मामा, मी सांगतो ते..."

"तू काय सांगतोस? कारखान्यात बोल्ट आवळतोस, ते आवळ जा."

उत्कर्षाच्या लक्षात आलं, की हे भांडण आवाजावर चाललंय आणि आवाज मामांचा मोठा आहे. तिनं दोन्ही फिल्मा काढल्या, बाल्कनीच्या काचेवर उन्हात धरल्या आणि मामांना सोडून ज्ञानूला बोलावलं. "काका, तुम्ही बघा."

ज्ञानूनं टोपी मागं सारली. आधी सरळ फिल्म, मग वाकलेली, मग पुन्हा सरळ. त्यानं जाड बोट त्या काळ्या फटीवर ठेवलं. ते बोट पंचवीस वर्षं कातडीवरून हाडं ओळखत आलं होतं. हाडं उघड्यावर ते बहुधा पहिल्यांदाच बघत होतं.

"वाकल्यावर हितनं सरकतंय व्हय?"

"हो. नऊ मिलिमीटर."

तो दोन पावलं मागं सरला आणि हात पाठीमागं बांधले. "सिद्धप्पा, मी हात लावत न्हाय. आवघडलेली मान मी बसवतो. ही आवघडलेली न्हाय, सुटलेली हाय. बोल्टच आवळाय पायजे हिला."

श्रीशैलनं खुर्ची पुढं केली, तेव्हा सिद्धप्पा मुकाट्यानं बसला.

पण गुरम्मा कुठं होत्या? उत्कर्षा आतल्या खोलीकडं गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. गळ्यातल्या पट्ट्यामुळं वरची कडी दिसली नसावी. गुरम्मा पलंगावर बसल्या होत्या, डबी उघडून मांडीवर, डावा तळहात समोर धरलेला. तळहात रिकामा होता आणि थरथरत होता.

"आई, आता ज्ञानूकाकाही नाही म्हणाले. मग का जायचं?"

गुरम्मांनी उजवा हात डबीवर ठेवला.

"हातातनं सुटला होता," त्या म्हणाल्या. "जानेवारीत. पूजा करताना खाली बघितला, वीज गेला, आणि लिंग हातातनं सुटला. मांडीवर पडला म्हणून बरा. खाली पडला असता तर? केवढा अपशकुन!" त्यांचा आवाज बारीक झाला. "सात वर्षांचा होतो मी, तेव्हापासून हातात घेतो. हे घर तुझा आहे, नवा संसार. हितं पडायला नको. म्हणून दार लावतो. म्हणून जातो."

उजवा रकाना किती चुकला होता ते उत्कर्षाला आता नीट कळलं. दार तिच्या तोंडावर लागलं नव्हतं, तिच्यासाठी लागलं होतं.

"ऑपरेशन केला तर हात नीट होणार?" गुरम्मांनी विचारलं.

होणार म्हणायचा मोह झाला. पण डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं. "गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, आई. थोडं येतं, कुणाचं जास्त, कुणाचं कमी. पण आहे ते जाणार नाही. नाही केलं, तर आहे तेही जाईल."

"आणि तोपर्यंत पूजा?"

उत्कर्षानं हात धुतले, पुसले आणि येऊन शेजारी बसली. आपला तळहात तिनं गुरम्मांच्या तळहाताखाली धरला. "लिंगाला नाही शिवत मी. तुमच्या हाताला धरते. खाली बघू नका, हात वर घ्या, डोळ्यांसमोर. तुमच्या हातातून सुटलं तरी माझ्या हातात येईल."

गुरम्मांनी तिच्याकडं बघितलं, म्हणजे अख्ख्या वळून बघितलं. मग डबीतून लिंग काढून थरथरत्या हातावर ठेवलं. खालून उत्कर्षाचा हात होता. दोन्ही हात मिळून वर गेले. बाहेर सिद्धप्पा ज्ञानूला विचारत होता, बोल्ट म्हणजे खराच बोल्ट काय रं.

पूजा झाल्यावर गुरम्मा बाहेर येऊन भावाला म्हणाल्या, "जीप परत ने. ऑपरेशन झाला की ये. आणि येताना हुरडा आण."

ऑपरेशनला चार तास लागले. डॉक्टर चेतना बाहेर आल्या तेव्हा पहिला प्रश्न श्रीशैलचा होता, स्क्रू कुठल्या मापाचे वापरले. मापं ऐकून त्याला धीर आला.

बोटांतल्या मुंग्या दोन महिन्यांत बऱ्याच कमी झाल्या. करंगळी तेवढी बधिरच राहिली. जिना आता आवाज न करता उतरता येऊ लागला. मान फिरवण्याचं काम मात्र कायमचं निम्मं झालं. कुणी हाक मारली की गुरम्मा अजूनही नंदीसारख्या सगळ्या अंगानं वळतात, पण आता त्यावरून कुणी वही लिहीत नाही. निंगव्वा म्हणते, हे झालं तेव्हापासून ही बाई गर्विष्ठ दिसायला लागली.

घरात एक नियम झाला. 'मान' हा शब्द कुणी उच्चारला, की दुसऱ्यानं लगेच विचारायचं, "तो का ती?" गोपाळ सरांना हा नियम इतका आवडला, की त्यांनी तो शाळेच्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करून सांगितला.

पूजेच्या वेळी उत्कर्षाचा हात रोज खाली असायचा. एप्रिलमध्ये एका सकाळी ती हात पुढं करायला गेली तर गुरम्मा म्हणाल्या, "थांब. आज नको." त्यांनी डावा हात डोळ्यांसमोर धरला. तळहातावर लिंग होतं. उत्कर्षाचा हात अर्धवट पुढं, मांजर उडी मारायच्या बेतात असते तसा. तळहात हलला नाही. करंगळी जराशी बाहेर राहिली, तेवढंच. दार सताड उघडं होतं.

ती स्वयंपाकघरात आली तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि आनंदाच्या भरात तिनं काय केलं, तिच्याही लक्षात आलं नाही. चहा गाळला, समोर श्रीशैल होता, कप त्याच्या हातात दिला.

आतून आवाज आला, "उत्कर्षा! माझा मान गेला!"

ती गाळणं टाकून धावली. "कुठं? वीज गेली का? हलू नका, हलू नका आई, मी डॉक्टरांना..."

गुरम्मा खुर्चीत बसल्या होत्या, पंख्यासमोरच्या. हात मांडीवर, चेहरा शांत.

"नियम काय आहे?" त्या म्हणाल्या. "आधी विचारायचा."

"तो..." उत्कर्षाला धाप लागली होती. "तो का ती?"

"तो," गुरम्मा म्हणाल्या. "पहिला चहा श्रीशैलला दिला की तू."